बोटभर मोठा फुगा

सिनेमावाले म्हणतात, आम्ही मूळ 'वादळ्या' चित्रकथेशी प्रामाणिक राहिलोय. ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. वादळ्याच्या अंगरख्याचा निळा रंग जुळवला, बुटाचं बक्कलसुद्धा सोडलं नाही, आणि त्याची जीभच बदलून टाकली!

वादळ्या आकाशात उडतो, कोसळता पूल खांद्यावर पेलतो आणि बोलताना अडखळतो. तो अडखळायला लागला माझ्या काकांमुळे. चित्रकथेच्या फुग्यांमधले संवाद काका हाताने लिहायचे. सव्वीस वर्षं लिहिले. स्वतः लहानपणापासून तोतरे, आणि लिहिताना शब्द पुटपुटायची सवय. पहिल्याच अंकात जीभ अडली आणि हातही तिच्यामागे गेला: 'थां-थांब!' पान तसंच छापून गेलं. संपादकांनी काकांना फैलावर घेतलं. मग मुलांची पत्रं आली, हा आमच्यासारखा बोलतो म्हणून. संपादकच म्हणाले, राहू दे तसंच.

पुढे नियमच पडला. वादळ्याचा फुगा बोटभर मोठा ठेवायचा, आणि त्याचं वाक्य संपेपर्यंत चौकटीत दुसऱ्या कुणाचा फुगा काढायचा नाही. खलनायकानेसुद्धा थांबायचं.

आणि सिनेमात घेतला कोण? घडाघडा संवाद फेकण्यासाठी गाजलेला नट! घरात नुसता संताप. काकू म्हणाली, "इथे भिंतींना काय सांगताय? त्या दिग्दर्शकाला जाऊन सांगा की."

काका बोलावं लागू नये म्हणून दुकानातही चिठ्ठी घेऊन जाणारे. पण दिग्दर्शकाचंच बोलावणं आलं. सिनेमाचं नाव त्याला काकांच्या अक्षरात हवं होतं, जाहिरातीत मिरवायला. काका टाक-दौत घेऊन निघाले. सोबत मी.

"वा-वादळ्या अ-अड..." काकांनी सुरुवात केली.

"अडखळतो, माहितेय," दिग्दर्शक म्हणाला. "पण काका, प्रेक्षकांना तेवढा धीर नसतो हो."

"म-मुलांची प..."

"पत्रं! जाहिरातीत दाखवू ना. झकास कल्पना!"

मेल्याला काकांचं एक वाक्य पुरं होऊ द्यायचं नव्हतं. शेजारी तो नट तर मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसलेला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात काकांनी टेबलाखाली माझा हात दाबला.

दिग्दर्शकाने कोरा कागद पुढे सरकवला. काकांनी दौत उघडली, टाक बुडवला आणि कागदावर एक फुगा काढला. रिकामा. बोटभर मोठा.

"हे काय? नाव कुठे..."

"मा-माझा फु-फुगा अजून भ-भरला नाही," काका म्हणाले.

नटाने मान वर केली.

"सि-सिनेमा तुमचा. ह-हवा तसा क-करा. पण ज-ज्याला अ-अडखळू देत नाही, त्याचं ना-नाव मा-माझ्या अ-अक्षरात मि-मिळणार नाही."

एवढं बोलायला काकांना मिनिटभर लागलं. खोलीत कुणी मध्ये बोललं नाही. आला की मग मिनिटभराचा धीर!