नाकातला स्प्रे अन् माझी चूक

बायांनो, आत्ताच लेकराला घिऊन दवाखान्यातनं आले.

सोयाबीनच्या राशीची धूळ लागली की माझ्या पाच वर्षांच्या परीचं नाक गच्च बंद होतंय. ॲलर्जी हाय म्हणून कळंबच्या डॉक्टरनी नाकात मारायचा स्प्रे दिला. आज सकाळी पहिल्यांदाच मारला. नाकात तूप सोडतो तसं म्या तिला मांडीवर उताणं घेतलं, मान मागं केली अन् नळी सरळ आत दाबली.

नाकातून रक्त आलं.

सासूबाई म्हणल्या, "स्टेरॉइड हाय म्हणं त्यात. पैलवानाचं औषध लेकराला देतीस व्हय?"

तसंच नवऱ्याच्या गाडीवर दवाखाना गाठला. डॉक्टर म्हणले, "ताई, हे तूप न्हाय. बसवून, मान जरा खाली घालून, नळीचं तोंड त्याच बाजूच्या कानाकडं धरायचं. फवारा नाकाच्या मधल्या पडद्यावर बसला म्हणून रक्त आलं. स्टेरॉइड लई थोडं असतंय त्यात, भिऊ नका. दोन दिवस थांबा, मग रोज द्या. गुण यायला आठवडा लागंल."

रक्त थांबलंय. पोरगी खेळायली, तोंडानं श्वास घेत.

सासूबाईंनी बाटली वरच्या फळीवर ठेवलीय. परवा ती म्याच खाली काढणार हाय, पण हात धजंल का, कळंना. तुमच्यात कुणी लेकराला दिलाय का असा स्प्रे? खरं सांगा.