अर्धा कप ताईचा

आमच्या शेजारच्या इस्त्रीवाल्या ताईने बावीस वर्षांत एकही कपडा जाळला नव्हता. तिच्या भिंतीला भिंत लावून मी शिवणकाम करते, त्यामुळे हे मी छातीठोकपणे सांगते. म्हणून त्या दुपारी तिच्या दुकानातून जळका वास आला तशी मी मशीन सोडून धावले. बघते तर काय, पांढऱ्या शर्टातून धूर निघतोय, इस्त्री त्यावर तशीच, आणि बाईसाहेब उभ्या उभ्या पेंगतायत!

"अगं, दुकान पेटवतेस का?" मी इस्त्री उचलून बटण बंद केलं. "काय पिऊन आलीस?"

मी थट्टेत म्हटलं होतं. ती मात्र स्टुलावर बसली आणि रडायलाच लागली.

तिचा धाकटा भाऊ पेंटर. दुकानांच्या पाट्या रंगवायचा. माझी पाटी त्याचीच. अक्षर असं की रस्त्याने जाणारा थांबून बघेल. चार वर्षांपूर्वी त्याचं डोकं फिरलं. लोक असंच म्हणतात, मीही म्हणायचे, आता नाही म्हणत. त्याला भिंतीपलीकडून माणसं बोलताना ऐकू यायची. आपल्या जेवणात कुणीतरी विष कालवतंय असं त्याने मनाशी पक्कं धरलं. ताईला ना नवरा, ना मूल. हा एकच काय तो. आणि त्याचाही जगात विश्वास फक्त तिच्यावर. ताटातला पहिला घास तिने खायचा, मग तो जेवणार. चहा एकाच कपात. अर्धा तिने त्याच्यासमोर प्यायचा, उरलेला त्याने.

डॉक्टरांनी औषधाचे थेंब दिले होते, रोज सकाळी दहा घ्यायचे. तो बाटलीला हात लावेना. शेवटी ताईने ते गुपचूप चहात घालायला सुरुवात केली, डॉक्टरांनाही पत्ता लागू न देता. आता अर्धा चहा हिच्याच पोटात जाणार! म्हणून हिने थेंब घातले वीस. दहा त्याचे, दहा हिचे. सलग तीन महिने.

"अक्कल गहाण टाकलीस का?" मी ओरडलेच.

"तो परत ब्रश धरायला लागलाय गं," ती डोळे पुसत म्हणाली. "परवा हसला."

मी तो जळका शर्ट गुंडाळून बाजूला ठेवला.

पण तिची झापड त्याच्याही लक्षात आली होती. दुसऱ्या दिवशी त्याने तिच्या हातातला कप काढून घेतला आणि मोरीत ओतला. "ताई, ते आता तुलाही घालतायत. माझ्यासाठी चाखून चाखून तू मरशील." आणि तिला काही चाखावंच लागू नये म्हणून त्याने खाणंच सोडलं. दोन दिवस नुसतं नळाचं पाणी.

ताई माझ्याकडे आली. चेहरा पार उतरलेला. माझ्या तोंडाला कधी कुलूप नसतं. म्हटलं, "खरं सांगून टाक. बरा होतोय, समजेल त्याला. तुझ्यावर तो कधी रागावलाय का?" केवढा हा आगाऊपणा! तेव्हा माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं.

मी सोबत गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर तिने बाटली ठेवली आणि सगळं सांगितलं. "विष नाही रे राजा, औषध आहे. मीच घालत होते."

तो रागावला नाही. त्याने बाटली उलटसुलट करून पाहिली. मग तिच्या तोंडाकडे बघत राहिला, खूप वेळ. मग खुर्ची मागे सरकवून उठला.

"माझी ताई मला फसवून काही पाजणार नाही," तो म्हणाला. "तुम्ही कोण?"

"अरे, असं काय करतोस? मीच..."

"आवाज हुबेहूब काढता. ती कुठे आहे? काय केलंत तिचं?"

आणि तो रडायला लागला, तिच्यासाठी. आतल्या खोलीत गेला, कपाटामागे बघून आला, गॅलरीत जाऊन हाका मारायला लागला. तो "ताई!" म्हणायचा आणि ही त्याच्या पाठीमागून "ओ" द्यायची. तो वळून बघायचा, आणि परत हाका मारायचा.

त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथे तो नर्सच्या हातून मुकाट गोळ्या घेतो, पोटभर जेवतो. मला ओळखतो, पाटीचा रंग उडाला का विचारतो. नेमकी हिलाच तेवढी ओळखत नाही. तरी ही दर रविवारी जाते. डॉक्टर म्हणतात, आता घरी न्यायला हरकत नाही, हिची ओळख पटायला मात्र वेळ लागेल. पण तो हिच्यासोबत यायला तयार असेल तर ना!

गेल्या रविवारी मीही गेले होते. त्याची पिशवी भरलेली, पायाशी ठेवलेली. ताईला बघून त्याने शेजारची खुर्ची पुढे केली, अगदी अदबीने.

"बाई, तुम्ही दर वेळी येता, तुम्हाला एक काम सांगू?" तो म्हणाला. "माझी ताई कुठे भेटली तर तिला म्हणावं, मला घरी सोडतायत. मी तिची वाट बघतोय. तिने न्यायला यावं."

ताईने मान हलवली.

"सांगते हं," ती म्हणाली.