पायऱ्यांवर बसणारी तैनारा

तैनारा,

हे मराठीत लिहितेय, म्हणजे तुला वाचता येणार नाही आणि मला खरं लिहिता येईल. तू आमच्या वरच्या खोलीत राहायला आलीस, तेव्हा पहिल्याच महिन्यात मी नवऱ्याला, शशिकांतला म्हटलं होतं, ही मुलगी शिकायला आलेली नाही, बसायला आलीय.

काय चुकलं माझं? दहाच्या बसनं युनिव्हर्सिटीत जायचीस आणि लायब्ररीत न शिरता तिच्या पायऱ्यांवर बसायचीस. तिथे तुमची ब्राझीलची सहा-सात टाळकी जमायची. दुपारी स्टुडंट्स युनियनच्या कॅफेत एका कॉफीवर दोन तास. रविवारी प्लॅट फील्ड्सच्या बागेत फुटबॉल, पाऊस असला तरी. भेटताना सगळ्यांना मिठ्या, निघतानाही मिठ्या, त्यामुळे निघायलाच अर्धा तास. इंग्रजांच्या या विदिंग्टनमध्ये मी चाळीस वर्षं राहतेय, पण आमच्या बस ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न ठरल्याचं मला तुझ्याकडून कळलं.

आणि डिसर्टेशन होतं तिथंच. नद्यांमधल्या गाळावरचं. एक एक्स्टेन्शन तू वापरून बसली होतीस, दुसरं मिळणार नव्हतं. सप्टेंबरच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी दोनपर्यंत सबमिट झालं नाही तर मास्टर्स गेलं, आणि तुझ्या गावच्या कॉलेजनं राखून ठेवलेली नोकरीही गेली. हे तू मला हसत सांगितलंस. मला हसू आलं नाही. मी म्हटलं, त्या पायऱ्यांवर बसू नकोस, त्या चढून आत जा आणि सगळ्यात वरच्या शांत मजल्यावर बस. मी भूल देणारी डॉक्टर. मी सांगितल्यावर थिएटरमध्ये सर्जनसुद्धा गप्प बसायचे. तूही ऐकलंस. पाच दिवस वर बसलीस. लिहून झाला एक परिच्छेद.

सहाव्या दिवशी संकष्टी होती. शशिकांत अजून उपास धरतो. मी धरत नाही, पण दोन स्वयंपाक करायचा कंटाळा म्हणून साबुदाणाच खाते. तो भिजवलेला बघून तू उडालीसच. साबुदाणा ज्या कंदाचा होतो, तो म्हणे तुमच्याकडे रोज ताटात असतो, आणि त्याच्याच पिठाचे चीज घातलेले गोळे तुझी आई भाजते. लगेच रशोमच्या बाजारात जाऊन पीठ आणलंस आणि ताटभर गोळे केलेस. उपासाला चालतात का, असं शशिकांतनं विचारलं. मी डॉक्टरी थाटात सांगितलं, कंद आणि दूध, न चालायला काय झालं? त्यानं चार खाल्ले. मग मी कृती विचारली. पीठ, चीज, दूध आणि तीन अंडी, तू म्हणालीस.

शशिकांतनं पाचवा उचलला. "गणपतीला मी सांगतो, ब्राझीलचे होते म्हणून."

मी हसले आणि तू रडायला लागलीस. अंड्यांसाठी नव्हे, एवढं मला कळलं. आम्ही नावाला बाई जोडतो तसं तुम्ही नावाआधी दोना लावता.

"दोना सुप्रभा, तिथे वर फार शांत आहे," तू म्हणालीस. "माझी आई शाळेत तीनशे मुलांचं जेवण रांधते. मी तिच्या टेबलाच्या कोपऱ्यावर बसून शिकले. आमच्याकडे कुणी आजारी असलं तरच घर शांत असतं."

आयुष्यभर माणसं शांत करत आलेल्या बाईला हे सुचायला हवं होतं. सुचलं नाही. दुसऱ्या दिवशी तुझा लॅपटॉप खाली आमच्या स्वयंपाकघराच्या टेबलावर आणला. मी कुकर लावला, मिक्सर लावला, आणि शशिकांतला बातम्यांचा आवाज कमी करायला सांगणं सोडून दिलं. असे तीन आठवडे. तुझा मित्र केयो शनिवारी येऊन बटाटे सोलत अखंड बडबडायचा आणि तू मान खाली घालून लिहायचीस. मी दमून गप्प झाले की मान वर. "बोला ना." त्या शुक्रवारी दोनला वीस मिनिटं कमी असताना तू बटण दाबलंस. कुकरची तिसरी शिट्टी होत होती. तू मला मिठी मारलीस आणि मी कणकेचे हात हवेत धरून उभी राहिले.

मग म्हणालीस, पुढच्या शुक्रवारी आमच्या पायऱ्यांवर या. साबुदाण्याचे वडे घेऊन, बिनअंड्याचे. आपला कंद त्या सगळ्यांना दाखवायचा होता तुला. मी हो म्हटलं. साबुदाण्याचं मोठं पाकीटही आणलं. शुक्रवारी सकाळी मात्र सांगितलं, गुडघा दुखतोय, पुढच्या शुक्रवारी बघू. गुडघा ठणठणीत होता. त्या पोरांमध्ये पंचाहत्तरीची बाई पायरीवर कुठे बसणार, एवढंच मनात आलं होतं. पुढच्या आठवड्यात बुधवारी तुझं विमान आहे, हे आपल्या दोघींनाही माहीत होतं. तू फक्त गुडघ्याला काय लावता, ते विचारलंस.

परवा संकष्टीला शशिकांतनं ते पाकीट फोडायला घेतलं. मी त्याच्या हातातून काढून परत कपाटात ठेवलं आणि त्याला दुकानातून दुसरं आणायला पाठवलं.