सहावी उत्तरपत्रिका

मिरजगावच्या पेठेत आमचं आडतीचं दुकान होतं. दादांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला तेव्हापासून दुकानाची कीर्द, म्हणजे रोजच्या देवघेवीची वही, मीच लिहीत होते. मी तेव्हा नुकती मॅट्रिक झाले होते. हिशेबनिसाची परीक्षा टपालाने शिकून देता येते, पास झालं की सहकारी संस्थेत नोकरी मिळू शकते, असं एका जाहिरातीत वाचलं आणि दादांना विचारून नाव घातलं.

पुण्याहून दर पंधरा दिवसांनी इंग्रजीतला एक धडा येई. त्याखालचे प्रश्न सोडवून उत्तरपत्रिका परत पाठवायची. अशा एकूण दहा. त्यांतल्या सात पास झाल्या तरच परीक्षेला बसू देणार होते. मी कपाटाच्या दाराला आतून एक कागद चिकटवला: पत्रिका कितवी, टाकली कधी, आली कधी, गुण किती. तपासून यायला दीड महिना लागे, म्हणून पहिले दोन महिने उजवीकडचे रकाने कोरेच होते. ते मला गैरसोयीचं वाटलं. धोक्याचं वाटलं नाही.

साल बहात्तर. पाऊस नव्हता, आडतीवर माल येत नव्हता, त्यामुळे दुपारी वेळच वेळ. मी उत्तरं मोठ्याने वाची आणि दादा लोडाला टेकून, डोळे मिटून, ऐकून तपासत. पेठेतले निम्मे दुकानदार दिवाळीला आपल्या वह्या त्यांच्याकडूनच बघून घेत. त्यांच्याइतका भरवशाचा माणूस मला पुण्यातही मिळाला नसता.

तिसऱ्या धड्यात रोकडवहीचा नमुना होता. आलेली रक्कम डाव्या बाजूला, गेलेली उजव्या. आमच्या कीर्दीतही तसंच.

"डावीकडच्याला ते काय म्हणतात?" दादांनी विचारलं.

"डेबिट."

"म्हणजे आपली जमा. लिही."

मी लिहिलं. आमच्याकडे खतावणीतही, म्हणजे माणसागणिक खात्यांच्या वहीतही, जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे, म्हणून माणसांची खातीही तशीच मांडली. पुण्याच्या पद्धतीत खात्याची डावी बाजू नावेची असते, जमा उजवीकडे जाते. धड्यात ते एका परिच्छेदात लिहिलं होतं. मी तो दोनदा वाचला, नीट कळला नाही, आणि दादा म्हणतात तेच असणार असं धरून पुढे गेले. तिसरी पत्रिका गेली, मग चौथी, मग पाचवी.

सहावी दादांनी स्वतःच्या हाताने पोस्टमनला दिली. पोस्टमनने ती पिशवीत टाकली आणि तपासून आलेली तिसरी माझ्या हातावर ठेवली. मी ओट्यावर उभ्याउभ्याच लिफाफा फोडला. पानभर लाल शाई, आणि खाली एक ओळ: सर्व खाती उलट्या बाजूंनी मांडली आहेत, नापास.

मी मनात मोजलं. तिसरी नापास; चौथी, पाचवीही तशाच मांडलेल्या, म्हणजे त्याही बुडाल्या. पहिल्या दोन पास होत्या, पुढच्या पाच शिल्लक. सात जेमतेम होत होत्या, पण त्यांत सहावी धरलेली होती, आणि ती त्या पिशवीत होती. पोस्टमन पायऱ्या उतरून शेजारच्या दुकानाकडे निघाला होता.

"काका, तो लिफाफा परत द्या."

"पिशवीत पडलेलं पत्र सरकारचं असतं, पोरी," तो हसत म्हणाला, पण थांबला.

"अगं, परत कशाला?" दादा म्हणाले. "काल ओळन् ओळ तपासलीय मी."

"तुम्ही तपासलीय म्हणूनच. सगळं उलटं झालंय."

काट्याच्या सावलीत आमचा मापाडी आणि दोन हमाल बसले होते. मापाडी म्हणाला, "घ्या शेट. आता माजं वजनबी उलटं व्हतंय का, बगून घ्या तेवढं."

हमाल हसले. पोस्टमनने लिफाफा माझ्या हातात दिला. दादांनी ती लाल ओळ वाचायला सांगितली. मी आधी इंग्रजीत वाचली, मग मराठीत सांगितली. आवाज कमी करावा हे सुचलंच नाही. माझं अर्धं लक्ष सहावी पुन्हा किती दिवसांत लिहून होईल यात होतं.

"म्हणजे आपलं चूक?" त्यांनी विचारलं.

चूक नाही, त्यांची रीत वेगळी आहे, असं मी सांगितलं. पण तोवर मापाडी शेजारच्या दुकानात ही गंमत सांगायला गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कीर्द उघडली तशी दादांनी ती आपल्याकडे ओढली.

"परीक्षा होईपर्यंत हिला हात लावायचा नाहीस. एका हातानं दोन्हीकडचं लिहायला लागलीस, तर दोन्हीकडं चुकशील."

"दादा, तुम्हाला दिसत नाही."

"मला माझी डावी बाजू दिसते."

हे माझ्यासाठी होतं की रागाने, ते मला तेव्हा कळलं नाही आणि नंतर विचारायचं धाडस झालं नाही. पुढे ते दारात उजेडाला बसून लिहीत. डाव्या हाताचं बोट ओळीवर, उजव्यात टाक. माझी एकही उत्तरपत्रिका त्यांनी पुन्हा ऐकली नाही, मीही वाचून दाखवली नाही. सहावी ते दहावी, पाचही पास झाल्या. नगरला जाऊन परीक्षा दिली, तीही पास झाले, आणि शेवगावला एका संस्थेत जागा मिळाली.

निघायच्या आदल्या दिवशी दादांनी आपणहून कीर्द माझ्यापुढे सरकवली. "बघ एकदा."

ओळी एकमेकींवर चढल्या होत्या. मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत पाहिलं. चार चुका होत्या. एका ठिकाणी एकाच शेतकऱ्याचा माल दोनदा चढला होता. मापाडी ओट्यावर बसून आमच्याकडे बघत होता.

"बरोबर आहे ना?" दादांनी विचारलं.

"आहे."

त्यांनी मान हलवली आणि वही मिटली.

एरवी एका दिवसात जुळणारा वर्षाचा ताळा जुळवायला त्या दिवाळीला त्यांना आठ दिवस लागले. मला हे पुढे मापाड्याकडून कळलं. शेवगाव काही लांब नव्हतं, पण त्यांनी मला बोलावलं नाही.