माझीच मला परवानगी

सरकारवर दावा लावायला मी सायकलवरून गेलो होतो. इस्त्रीचा शर्ट, कॅरिअरला फाइल, आणि चेहऱ्यावर असा भाव की आता मंत्रालयात कुणाला जेवण जाणार नाही. जायचं होतं फक्त माझ्या मामेसासऱ्यांकडे. ते नाशिकच्या कोर्टात वकिली करायचे.

झालं होतं असं. सातपूरच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळायचो आणि उरलेल्या वेळात एकांकिका लिहायचो. नव्वदच्या दशकाचा शेवट होता. सरकारी एकांकिका स्पर्धेची फेरी गावात होती, म्हणून एका दुपारी रजा टाकून प्रेक्षकांत जाऊन बसलो. मालेगावच्या एका संघाची पाळी आली. पडदा उघडला आणि पहिल्याच वाक्याला माझ्या हातातला वडा खाली आला. वाक्य माझं होतं. दुसरंही माझंच. मधून मधून अहिराणी घातली होती, आणि सांगायला लाज वाटते, तिथेच लोक जास्त हसत होते. शेवटी माइकवरून घोषणा झाली, "लेखकाचे नाव उपलब्ध नाही."

मी चौथ्या रांगेत उपलब्ध होतो.

विंगेत जाऊन मी संघाच्या दिग्दर्शकाला गाठलं. माझ्याच वयाचा, यंत्रमाग चालवणारा माणूस. माझं नाव ऐकताच त्याने आधी नमस्कार केला आणि मग वही पुढे केली. कुणाच्या तरी प्रतीवरून त्याने संपूर्ण एकांकिका शाईच्या पेनाने उतरवून घेतली होती.

"नाव व्हतं, भाऊ. पहिल्या पानावरच व्हतं. पूजेत गेलं."

तालमीच्या पहिल्या दिवशी त्यांनी नटराजासमोर वही ठेवली, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि त्याचं पाणी भक्तिभावाने वहीवर शिंपडलं. पहिल्या पानावर आता निळ्या-तांबड्या डागाखेरीज काही नव्हतं. ज्याच्याकडून वही उतरवली तोही नाव विसरला होता. प्रवेशअर्जावर 'लेखकाचे परवानगीपत्र जोडले आहे काय' असा रकाना होता. त्यात या प्रामाणिक माणसाने 'नाही' लिहिलं होतं, आणि स्पर्धेच्या कार्यालयाने अर्ज तसाच घेतला होता.

त्याच्यावर रागवायची माझी सगळी तयारी त्या डागाने घालवली. राग तर शिल्लक होता. मग तो सरकारवर काढायचा असं ठरलं.

मामांनी फाइल वाचली, चष्मा काढला आणि म्हणाले, "जावईबापू, तुम्हाला नेमकं हवंय काय?"

"माझं नाव. माइकवरून."

"एवढ्यासाठी महाराष्ट्र शासन?"

"मामा, कॉपीराइटचा कायदा सगळ्या देशाला एकच ना? मग सरकार स्वतःच्याच स्पर्धेत तो पाळत नाही, त्याचं काय?"

हा मुद्दा त्यांना आवडला. इतकी वर्षं बांधाच्या आणि भाडेकरूंच्या भांडणांत घालवल्यावर त्यांच्या हाती काहीतरी चवदार लागलं होतं. मात्र शासनावर दावा लावण्याआधी दोन महिन्यांची नोटीस द्यावी लागते, असं ते म्हणाले.

"दोन महिने कशाला?"

"शासन सावकाश वाचतं."

नोटीस गेली. त्या दोन महिन्यांत मी सायकल जरा ताठ बसून चालवायचो. कारखान्यात मला 'फिर्यादी' म्हणू लागले होते. बायको म्हणायची, "आज भाजी तुम्ही आणता, की त्यासाठीही नोटीस पाठवू?"

मुदत संपायला थोडे दिवस असताना लखोटा आला. त्यात माफी नव्हती, माझं नाव नव्हतं. एक परिपत्रक होतं. यापुढे लेखकाच्या मूळ सहीच्या परवानगीपत्राशिवाय कोणताही अर्ज स्वीकारू नये, कोणत्याही कारणास्तव अपवाद करू नये. मामांनी ते दोनदा मोठ्याने वाचलं. दावा लावायला आता कारणच उरलं नाही, याचं त्यांना फार वाईट वाटलं.

पुढच्या वर्षी अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी मी खिडकीपाशी उभा राहिलो. एकांकिका माझी, दिग्दर्शन माझं.

कारकुनाने कागद चाळले. "लेखकाचं पत्र?"

"लेखक मीच आहे."

"असाल. पत्र?"

"अहो, मी स्वतःला परवानगी कशी देणार?"

त्याने भिंतीवर चिकटवलेल्या परिपत्रकाकडे बोट केलं. "अपवाद नाही. कुणीतरी वकिलामार्फत नोटीस दिली होती. तेव्हापासून आमच्या डोक्याला ताप आहे."

कुणी दिली होती ते मी सांगितलं नाही. एक कोरा कागद मागून घेतला आणि तिथेच उभ्याने लिहिलं: आपल्या दिग्दर्शनकौशल्यावर माझा फारसा विश्वास नसला तरी आपली तळमळ पाहून परवानगी देत आहे. खाली झोकात सही केली. कारकुनाने ते वाचलं, सही अर्जावरच्या सहीशी ताडून पाहिली आणि शिक्का मारला.

"भाऊ," मागून आवाज आला. मालेगावचा दिग्दर्शक रांगेत उभा होता. "तुमची दुसरी एकांकिका बसवतोय. पत्रासाठी तुमच्या घरी गेलो, तर वहिनी म्हनल्या इकडं आलात."

त्यालाही तिथेच पत्र लिहून दिलं, मात्र त्याच्या दिग्दर्शनाविषयी शंका न घेता. पत्र खिडकीत देण्याआधी त्याने त्याची झेरॉक्स काढून आणली आणि पिशवीतून वही काढली. या वेळी वहीला प्लास्टिकचं जाड कव्हर होतं. झेरॉक्स त्याने कव्हरात पहिल्या पानावर सरकवली, वरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "आता किती बी नारळ फोडा."

त्यांच्या प्रयोगाला मी परत चौथ्या रांगेत बसलो. माइकवरून माझं नाव आलं, आडनावासकट. मागे मामा बसले होते. त्यांनी माझ्या खांद्यावर टिचकी मारली आणि हळूच विचारलं, "जावईबापू, उच्चार बरोबर केला ना? नाहीतर नोटीस देऊ."