कालवांतले काळे ठिपके

गाझियाबादच्या ज्या प्रयोगशाळेत मी नोकरी करायचे, तिथे कोकणातून कालवं यायची, थर्माकोलच्या खोक्यात बर्फ घालून. एका खाडीतलं कालवांचं बी, म्हणजे बारीक पिल्लं, दुसऱ्या खाडीत न्यायचं तर त्यात परजीवी नाही असा आमचा दाखला लागे. हा परजीवी एका पेशीचा, डोळ्यांना न दिसणारा. माणसाला त्याचा त्रास नाही. कालवं मात्र मरतात, आणि औषध नाही.

एका व्यापाऱ्याने पाठवलेली कालवं मला पहिल्यापासून खटकली. सोबतच्या कागदावर ज्या खाडीचं नाव होतं, तिच्या काठी माझं आजोळ. तिथला गाळ काळाकुट्ट, आणि या शिंपल्यांच्या खाचांत पिवळी वाळू. तपासणीत काहीच सापडलं नाही. मी साहेबांना वाळू दाखवली.

"मॅडम, रिपोर्ट निगेटिव्ह है ना? साइन कर दो. रेत की जाँच थोड़ी करनी है."

मी सही केली.

पंधरा दिवसांनी साठीचे एक गृहस्थ दोरीने आवळलेलं खोकं घेऊन माझ्या टेबलापाशी आले. हातात त्याच दाखल्याची झेरॉक्स.

"ही सही तुमची?"

"हो."

"ताई, माझी निम्मी कालवं तोंड उघडून मेली. आणि तुम्ही लिहिता निरोगी. माझं बी उचलणाऱ्या त्या व्यापाऱ्याने काय दिलं तुम्हाला?"

माझे कान तापले. "काका, तपासायला तुमची कालवं कुणी काढून नेली होती?"

"कुणीच नाही. तेच विचारायला आलोय."

खोक्यातल्या कालवांना काळा गाळ होता. तरी माझी खात्री पटेना. व्यापाऱ्याशी भांडण झालं असेल म्हणून ह्यांनीच रोगट कालवं कुठून तरी आणली नसतील कशावरून? ते थेट कोकणातूनच आलेत ना, हे बघायला मी त्यांचं रेल्वेचं तिकीट मागितलं. त्यांनी ते माझ्यापुढे आपटलं.

परजीवी फुगून दिसावा म्हणून कालवांचे तुकडे द्रावणाच्या नळ्यांत घालून आठवडाभर अंधारात ठेवावे लागतात. काका करोल बागेत पुतण्याकडे उतरले आणि रोज मेट्रोने येऊन नळ्यांवर चिकटवलेली आपली सहीची चिठ्ठी तपासू लागले. चहा दिला तर घेत नसत. नळ्यांच्या कपाटाची किल्ली मी मयूर विहारला घरी न्यायचे.

"ऑफिसात चोर आहेत का?" नवऱ्याने विचारलं.

"माहीत नाही," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

आठव्या दिवशी त्यांच्यासमोर नळ्या उघडल्या, आयोडीन टाकलं. सूक्ष्मदर्शकाखाली निळे-काळे गोल ठिपके, मोजता येऊ नयेत इतके. मी त्यांना बघू दिलं.

"हे सगळे तेच?"

"तेच. आता तुमचंही बी कुठे विकता येणार नाही, काका."

"ठाऊक आहे." ते स्टुलावर बसले. "पलीकडच्या खाडीत माझ्या बहिणीची कालवं आहेत. तुमचा कागद दाखवून तो माझं बी तिथेच टाकणार होता. मला कळलं ते उशिरा."

मी जुना दाखला रद्द करण्याचं पत्र लिहिलं. साहेबांनी ते दोन दिवस ड्रॉवरमध्ये ठेवलं. तिसऱ्या दिवशी काका त्यांच्या दाराबाहेर खुर्ची टाकून बसले, तेव्हा शिक्का पडला.

बी गेलं नाही. काकांनी आपली उरलेली कालवं काढून टाकली. पुढच्या वर्षी बहिणीची कालवं तपासणीत स्वच्छ निघाली. त्या व्यापाऱ्याची खोकी यायची बंद झाली. आधीच्या दिवाळीत साहेबांच्या घरी त्याने पाठवलेला सुक्यामेव्याचा डबा मी पाहिला होता. सगळेच व्यापारी पाठवतात, हे मलाही ठाऊक आहे. साहेबांना आधीपासून किती माहीत होतं, हे मी कधी विचारलं नाही.