मंगळवारची गोळी

मोहर्लीच्या जंगल-सफारीच्या गेटवर अकरा वर्षं गाईडगिरी करणाऱ्या कुंताबाईला भीती वाटायची ती एकाच गोष्टीची, आणि ती गोष्ट वाघ नव्हती. तिच्या आईला बीपी होतं. ते कधी कुणी मोजलं नाही, आणि एक दिवस भाताचा रोवणा चालू असताना म्हातारी शेतातल्या बांधीतच कलंडली. लकवा. पुढची सहा वर्षं कुंताने आईला घास भरवला, कूस बदलून दिली. म्हणून फेब्रुवारीत गावच्या उपकेंद्रातला डॉक्टर अश्वजित दंडाचा पट्टा सोडत म्हणाला, "वरचं एकशे बहात्तर, खालचं एकशे चार," तेव्हा ती हबकलीच. नवरा वारलेला, मुलगी चंद्रपूरला शिकायला. आपण आडवं पडलो तर घास कोण भरवणार?

"रोज सकाळी एक गोळी. मीठ कमी, सुकट तर बंदच. अन् बरं वाटलं तरी सोडायची नाई," अश्वजित म्हणाला. कुंताने लगेच मान डोलावली. पेशंट इतक्या लगेच मान डोलावतो तेव्हा डॉक्टरने सावध व्हावं, पण अश्वजित नवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे चहाबरोबर गोळी घेऊन ती जिप्सीत चढली. ही गोळी अंगातलं जास्तीचं मीठ-पाणी लघवीवाटे काढते, हे त्याने सांगितलं होतं. कधी काढते, ते तिला जंगलात कळलं. आत शिरलं की खाली पाय टेकवायचा नाही, हा नियम ती स्वतःच पर्यटकांना दटावून सांगायची. आतल्या चौकीमागे संडास होता, नाही असं नाही. पण गाडी तिकडे घे, हे म्हणायचं कुणाला? ड्रायव्हर मंगरू नात्याने दीर लागणारा, आणि मागे सहा अनोळखी माणसं. वाघ दिसू नये म्हणून मनातल्या मनात नवस बोलणारी त्या सकाळी अख्ख्या जंगलात ती एकटीच असेल, कारण वाघ दिसला की गाडी तासभर हलत नाही. वाघीण दिसली. तीन पिल्लांसकट.

त्यावर कुंताने आपल्या अकलेने तोड काढली. मंगळवारी जंगल बंद असतं, तर गोळी मंगळवारी. एखादा उपास धरावा तसा तिने हा मंगळवार धरला, एकही चुकवला नाही. बीपी चढलं तर डोकं दुखेल, चक्कर येईल, तेव्हा बघू, असं तिने स्वतःला समजावलं. डोकं काही दुखलं नाही. वाघ निघाला की माकडं तरी ओरडतात, या दुखण्याची वर्दी कुणीच देत नाही, आणि हे जंगलातल्या बाईला कळू नये याचा राग येतो. पण राग तरी कुणावर धरायचा? लाज काही तिने एकटीने जन्माला घातली नव्हती.

गावची आशा सेविका नीलाबाई महिन्याच्या महिन्याला गोळ्या आणून द्यायची.

"रोज घेत्तं ना, कुंता?"

"हाव, घेतो ना."

उरलेल्या गोळ्या तांदळाच्या डब्यात जात होत्या.

पावसाळ्यात आतलं जंगल तीन महिने बंद. कुंता रोवण्याला जायची, आणि तिथे काय, बांध ओलांडला की झाडोरा. ती रोज गोळी घेऊ लागली. सप्टेंबरात आकडा एकशे अठ्ठावीसवर आला आणि अश्वजित खूश झाला. ऑक्टोबरात गेट उघडलं, कुंता पुन्हा मंगळवारवर आली. नोव्हेंबरात पट्टा फुगला आणि आकडा दिसला, एकशे अठ्ठ्याऐंशी.

अश्वजितने दोनदा मोजलं, मग कार्ड उलटंपालटं केलं. "अजब हाय. पावसाळ्यात बरं होतं, अन् आता पयल्यापेक्षा वाईट. औषध वाढवा लागते. बाई, पावसाळ्यात वेगळं काय खात होत्या?"

नीलाबाई शेजारीच उभी होती. तिने कार्डावर जंगल बंद होतं ते महिने पाहिले, कुंताकडे पाहिलं, आणि म्हणाली, "डॉक्टर, तुमी जरा भायेर जा."

दार लोटल्यावर कुंताने सगळं सांगितलं. नीलाबाईने ऐकून घेतलं आणि मग तिचा पारा चढला. "अवो, तुह्या मायचे सहा वर्सं मीबी पाह्यले. लाजेपायी तूबी तशीच पडली असती, तं?" बोलता बोलता तिलाच रडू आलं, मग दोघी रडल्या.

अश्वजितला आत बोलावलं, नीलाबाईनेच दोन वाक्यांत उलगडा केला. त्याने औषध वाढवलं नाही, दटावलंही नाही. "गोळी सफारीवरून आल्यावर घ्या, अकराले. पण रोज, त्याच टायमाले."

"एवढंच?" कुंता म्हणाली.

"एवढंच."

पावसाळा सोडला तर सहा महिने ती लकव्याशी खेळत होती, आणि औषध होतं या एका वाक्यात. त्या दिवसापासून गोळी चुकली नाही. महिन्याभरात आकडा एकशे चौतीसवर उतरला.

जानेवारीत तिची ड्युटी दुपारच्या फेरीला लागली. अकराची गोळी, अडीचला गेट, त्यात थंडी. गोळी चुकवायचा विचार तिच्या मनात आला, नाही कशाला म्हणा. पण तिने ती घेतली. साडेतीनला पाणवठ्याशी गाडी थांबली, तेव्हा वाघ काठावर ऊन खात बसला होता आणि मागचे सगळे श्वास रोखून फोटो काढत होते. कुंताने थोडा वेळ कळ काढली. मग ती म्हणाली, "मंगरूभाऊ, गाडी चौकीवर घ्या."

"बाई, वाघ बसून हाय."

"बसू द्या. मले लघवीले जा लागते."

मंगरूने मान खाली घालून चावी फिरवली. तेवढ्यात मागच्या सीटवरची साठीतली एक बाई कॅमेरा मांडीवर ठेवून हळूच पुढे वाकली.

"ताई, मलाही जायचंय हो. तासाभरापासून सांगू की नको, असं चाललं होतं माझं."